वाया गेलेल्या रात्रींचा हिशेब

शाळेचा आकाशनिरीक्षणाचा कार्यक्रम ठरवताना पहिली अडचण आकाशात नसते, पंचांगात असते. अंधूक तारे, तेजोमेघ, आकाशगंगेचा पट्टा हे सगळे पाहायचे तर चंद्र नसलेली रात्र हवी, म्हणजे अमावस्येच्या आसपासची. आणि अमावस्या म्हटले की निम्म्या पालकांच्या कपाळाला आठ्या पडतात. अमावस्येच्या रात्री पोरे गावाबाहेरच्या माळावर पाठवायची म्हणजे काय! काही शिक्षक 'येत्या शनिवारी' एवढेच सांगून वेळ निभावून नेतात. आमचे मत असे की तिथी सरळ सांगावी आणि कारणही सांगावे. चंद्र रोज सरासरी ५० मिनिटे उशिरा उगवतो. पौर्णिमेला तो सूर्यास्ताच्या सुमारास उगवून रात्रभर आकाश उजळत राहतो, तर अमावस्येला सूर्याबरोबर उगवून सूर्याबरोबरच मावळतो. एवढे फळ्यावर काढून दाखवले आणि पालकांनाही त्या रात्री बोलावले, तर पुढच्या वर्षी विरोध बराच मावळलेला असतो.

दुसरी अडचण मोठी आहे. महाराष्ट्रात जून ते सप्टेंबर आकाश आपले नसते. ऑक्टोबरात परतीचा पाऊस आणि सहामाही परीक्षा, एप्रिलमध्ये वार्षिक परीक्षा. उरतात नोव्हेंबर ते मार्च. या पाच महिन्यांत पाच अमावस्या, आणि प्रत्येक अमावस्येजवळ सुट्टीला लागून येणारी जेमतेम एक रात्र. म्हणजे वर्षाकाठी पाच-सहा रात्री. त्यासाठी मुख्याध्यापकांची परवानगी, गाडी, चाळीस मुलांचे अंथरूण-पांघरूण, रात्रीची भाकरी-भाजी, पहाटेचा चहा. आणि डिसेंबरात बंगालच्या उपसागरात कमी दाबाचा पट्टा तयार झाला की दोन दिवसांत आपल्याकडे उंचावरचे पांढुरके ढग हजर! आमच्यासारख्या हौशी निरीक्षकांनी अशा रात्री मोजायच्या ठरवल्या तर वही भरेल. प्रश्न असा आहे की या रात्री खरोखर वाया जातात का, आणि ज्या रात्री आकाश निरभ्र असते त्या रात्री तरी मुलांच्या हाती नेमके काय लागते?

निरभ्र रात्रीपासून सुरुवात करू. गाडीतून उतरलेली मुले वर पाहतात आणि म्हणतात, 'फारसे काही दिसत नाही.' ती खरेच सांगत असतात. उजेडातून अंधारात आल्यावर डोळ्याची बाहुली काही सेकंदांत मोठी होते, परंतु खरा बदल दृष्टिपटलावर व्हायचा असतो. दृष्टिपटलावर दोन प्रकारच्या पेशी असतात. शंकूपेशी भरपूर प्रकाशात काम करतात आणि रंग ओळखतात. दंडपेशी अगदी मंद प्रकाशात काम करतात, पण त्यांना रंग कळत नाहीत. दंडपेशींतील ऱ्होडॉप्सिन हे द्रव्य प्रकाश पडला की विघटित होते आणि अंधारात हळूहळू पुन्हा तयार होते. त्याला वीस ते तीस मिनिटे लागतात, पूर्ण क्षमता यायला त्याहूनही अधिक. कोणीतरी मध्येच विजेरी लावली किंवा (हल्ली नेहमी होते तसे) मोबाइल उघडला, की ही मेहनत क्षणात संपते आणि घड्याळ पुन्हा शून्यावर येते. लाल प्रकाशाला दंडपेशी जवळजवळ प्रतिसाद देत नाहीत. म्हणूनच निरीक्षक विजेरीच्या काचेवर लाल जिलेटीनचा कागद लावतात. पहिला अर्धा तास मुलांना सतरंजीवर नुसते पडू द्यावे, गोष्टी सांगाव्यात, दुर्बिणीजवळ जाऊ देऊ नये. अर्ध्या तासाने कृत्तिकांमध्ये किती तारे दिसतात ते पुन्हा मोजायला सांगावे. आधी चार-पाच मोजणारी मुले आता सहा-सात मोजतात. आकाश तेच, डोळा बदललेला. आमच्या मते संपूर्ण रात्रीतला हा सर्वांत चांगला प्रयोग आहे आणि त्याला एक पैसाही लागत नाही.

पुढची निराशा मृगातल्या तेजोमेघापाशी येते. पाठ्यपुस्तकात, दिनदर्शिकेत, मोबाइलवर तो गुलाबी-जांभळा पाहिलेला असतो. सुमारे १,३५० प्रकाशवर्षे दूर असलेला हा वायूचा ढग दुर्बिणीतून दिसतो तो राखाडी, फार तर किंचित हिरवट, फुंकर मारलेल्या भस्मासारखा. 'रंग कुठे गेले?' असे मुलांनी विचारले तर ओशाळून जायचे कारण नाही. रंग तेथे आहेतच. छायाचित्रात मिनिटेच्या मिनिटे प्रकाश साठवला जातो. डोळा मात्र सेकंदाच्या लहानशा अंशापलीकडे प्रकाश साठवू शकत नाही. एवढ्या थोड्या प्रकाशात शंकूपेशी जाग्याच होत नाहीत. म्हणजे रंग न दिसणे हा दुर्बिणीचा दोष नसून मघाशी सांगितलेल्या दोन पेशींचीच गोष्ट आहे. याच वेळी तिरप्या नजरेची युक्तीही शिकवता येते. दृष्टिपटलाच्या अगदी मध्यभागी दंडपेशी नसतात, त्यामुळे अंधूक वस्तूकडे सरळ रोखून पाहिले तर ती नाहीशी होते आणि थोडे बाजूला पाहिले की उमटते. देवयानी दीर्घिका साध्या डोळ्यांनी पाहताना हे चटकन पटते. सुमारे २५ लाख वर्षांपूर्वी निघालेला प्रकाश डोळ्याच्या कडेने पकडावा लागतो, हे ऐकून वर्गात मागे बसणारी मुलेसुद्धा मान वर करतात.

दुर्बिणीपाशी रांग लागली की वेगळाच गोंधळ सुरू होतो. पृथ्वीच्या परिवलनामुळे आकाश तासाला १५ अंश सरकते, म्हणजे एका मिनिटात १५ कला. दीडशेपट विवर्धनाला दृष्टिक्षेत्र साधारण २० कलांचे असते. मोटार नसलेल्या दुर्बिणीत गुरू एका कडेने आत आला की ८० सेकंदांत दुसऱ्या कडेने बाहेर पडतो. त्यात एखादा विद्यार्थी नळीला धरून वाकतो, नेत्रिका हलते, गुरू गायब. चाळीस मुलांना दीड-दीड मिनिट धरले तरी एक तास एका ग्रहात जातो. आणि सर्वांत त्रासाची गोष्ट म्हणजे काहीच न दिसलेला विद्यार्थी मागच्या रांगेच्या भीतीने 'दिसला, सर' म्हणून बाजूला होतो.

यावर आम्हांला सापडलेला उपाय कागद-पेन्सिलीचा आहे. पाहून आलेल्या प्रत्येकाने लगेच एक वर्तुळ काढायचे आणि त्यात जे दिसले तेवढेच काढायचे. ज्याला काही दिसले नाही त्याचे वर्तुळ रिकामे राहते, आणि रिकामे वर्तुळ आणणाऱ्याला न रागावता पुन्हा रांगेच्या पुढे घ्यायचे. हा नियम मुलांना कळला की 'दिसला, सर' बंद होते. चित्रे गोळा केल्यावर मजा येते. कोणी गुरूच्या एका बाजूला तीन ठिपके काढलेले असतात, कोणी दोन, कोणी उलट्या बाजूला. एकच दुर्बीण असूनही चित्रांत फरक का, यावर दुसऱ्या दिवशी वर्गात तास रंगतो. आयो हा उपग्रह ४२ तासांच्या आसपास एक फेरी पूर्ण करतो. त्यामुळे दुसऱ्या रात्री पुन्हा पाहणे जमले तर ठिपके जागा बदललेले सापडतात आणि हे काम मुलांचे स्वतःचे असते.

शनीच्या बाबतीत मात्र आधीच सावध करावे. शनी दाखवणार म्हटले की सर्वांना कडी हवी असतात. परंतु सुमारे पंधरा वर्षांतून एकदा पृथ्वी शनीच्या कड्यांच्या प्रतलातून जाते आणि कडी काठाने दिसतात, म्हणजे जवळजवळ दिसतच नाहीत. १९९५-९६, २००९ आणि २०२५ साली असे झाले. त्या काळात शनी पाहायला आलेल्यांची निराशा समजण्यासारखी आहे, पण ते एकटे नाहीत. १६१० साली शनीच्या दोन्ही बाजूंना काहीतरी चिकटलेले पाहणाऱ्या गॅलिलिओला १६१२ मध्ये ते नाहीसे झालेले दिसले, आणि त्याला त्याचा अर्थ लागला नाही. कडी न दिसलेल्या शनीचे चित्र म्हणूनच जपून ठेवावे. काही वर्षांनी काढलेल्या चित्राशेजारी ते लावले की कड्यांचा कल मुलांना आपोआप कळेल.

रात्र चढू लागली की दव पडते. निरभ्र रात्री उघड्यावरची प्रत्येक वस्तू आकाशाकडे उष्णता उत्सर्जित करते आणि भोवतालच्या हवेहूनही थंड होते. भिंगाचे तापमान दवबिंदूच्या खाली गेले की त्यावर बाष्प जमते. मुलांना वाटते ढग आले. प्रत्यक्षात ढग भिंगावर आलेला असतो! अशा वेळी खिशातला रुमाल काढून भिंग पुसण्याचा मोह टाळावा, कारण धुळीचे कण काचेवर घासले जातात. भिंगाच्या पुढे, त्याच्या व्यासाच्या दीडपट लांबीची पुठ्ठ्याची नळी बसवली तर भिंगाला आकाशाचा थोडाच भाग 'दिसतो', ते सावकाश थंड होते आणि दोन-तीन तास सहज निभतात. परावर्ती दुर्बिणीचा मुख्य आरसा नळीच्या तळाशी असल्याने त्याला हा त्रास कमी होतो.

येथे एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. 'चांगली रात्र' ही एकच नसते. ऑक्टोबरात पाऊस पडून गेल्यावर हवा धुतल्यासारखी पारदर्शक होते, तारे लखलखतात, पण त्याच रात्री ते जोरात लुकलुकत असतील तर हवेच्या थरांत खळबळ आहे असे समजावे. अशा रात्री तेजोमेघ उत्तम दिसतात आणि गुरूवरचे पट्टे मात्र पाण्यातून पाहिल्यासारखे थरथरतात. याउलट जानेवारीतली एखादी धुरकट, निवांत रात्र, जिच्यात उसाच्या फडातील पाचट जाळल्याचा धूर तरंगतो आहे आणि तिसऱ्या प्रतीपुढचे तारे दिसत नाहीत, ती ग्रह पाहण्यासाठी कधीकधी फारच चांगली निघते. आकाश धुरकट आहे म्हणून गाडी परत फिरवण्यापूर्वी एकदा ग्रहाकडे दुर्बीण लावून पाहावी.

आता ढगांकडे वळू. उल्का मोजणाऱ्यांनी ढगांनाही हिशेबात बसवले आहे. समजा, १३-१४ डिसेंबरच्या रात्री, दहाच्या सुमारास, मिथुन राशीतील उल्कावर्षाव पाहताना एका विद्यार्थ्याने तासाभरात २४ उल्का मोजल्या. उल्का ज्या बिंदूतून आल्यासारख्या वाटतात तो उगमबिंदू त्या वेळी क्षितिजापासून सुमारे ३० अंशांवर असतो. तो डोक्यावर असता तर अधिक उल्का दिसल्या असत्या, म्हणून मोजलेल्या संख्येला ३० अंशांच्या ज्या-गुणोत्तराने म्हणजे ०.५ ने भागायचे, ४८ आले. उत्तम काळोख्या आकाशात ६.५ प्रतीपर्यंतचे तारे दिसतात असे धरतात. आपल्या माळावर गावच्या दिव्यांमुळे ५.५ पर्यंतचेच दिसत असतील, तर या वर्षावासाठी एका प्रतीच्या घटीला सुमारे २.६ ने गुणायचे, १२५ आले. आणि पाहण्याच्या दिशेतील आकाशाचा पाचवा भाग ढगांनी झाकला असेल तर उरलेल्या ०.८ भागाने भागायचे, १५६ आले. म्हणजे ढग किती होते, सर्वांत अंधूक तारा कोणता दिसत होता, या नोंदी उल्कांच्या संख्येइतक्याच महत्त्वाच्या ठरतात. अर्थात निम्म्याहून अधिक आकाश झाकले गेले असेल तर हा हिशेब ताणू नये. दुरुस्ती फार मोठी झाली की उत्तरात निरीक्षणापेक्षा अंदाजच जास्त उरतो.

नोंदवहीच्या बाबतीत आम्ही थोडे कडक आहोत. 'ढग होते, पाहता आले नाही' आणि 'आकाश स्वच्छ होते, पाहिले, दिसले नाही' ही दोन वाक्ये मुलांना सारखी वाटतात. पहिल्यात आकाशाविषयी माहिती शून्य आहे. दुसऱ्यात माहिती आहे, कधीकधी मोलाची. अमेरिकन असोसिएशन ऑफ व्हेरिएबल स्टार ऑब्झर्व्हर्स ही १९११ साली स्थापन झालेली संस्था जगभरच्या हौशी निरीक्षकांकडून रूपविकारी ताऱ्यांच्या, म्हणजे ज्यांचे तेज बदलते अशा ताऱ्यांच्या, नोंदी घेते. तेथे तारा दिसला नाही तर त्याच्याजवळचा सर्वांत अंधूक कोणता तारा दिसला ते लिहून 'याहून अंधूक' अशी खूण करतात. हीसुद्धा रीतसर नोंद असते. तारा एखाद्या रात्री भडकलेला सापडला, तर तो नेमका केव्हा भडकला हे आदल्या रात्रीच्या 'दिसला नाही'वरूनच ठरते.

उत्तर मुकुटातील टी नावाचा तारा याचे ठळक उदाहरण आहे. एरवी दहाव्या प्रतीचा असलेला हा तारा १८६६ साली आणि पुन्हा ९ फेब्रुवारी १९४६ रोजी एकाएकी साध्या डोळ्यांना दिसण्याइतका तेजस्वी झाला. अमेरिकेतील ओहायो राज्यात शेतावर वाढलेले लेस्ली पेल्टियर हे हौशी निरीक्षक पंचवीस वर्षे या ताऱ्यावर नजर ठेवून होते. त्यांनी पहिली दुर्बीण स्ट्रॉबेरी तोडण्याच्या मजुरीतून घेतली होती. त्या फेब्रुवारीत एका रात्री अडीच वाजता गजर झाला, आकाश निरभ्र होते, पण सर्दीची लक्षणे जाणवत होती म्हणून ते पुन्हा झोपले. तारा त्याच रात्री भडकला. पंचवीस वर्षांत ज्याची वाट पाहिली ते नेमके निसटले! ही हकिकत त्यांनी आपल्या आत्मचरित्रात स्वतःच सांगितली आहे. त्यांनी शोधलेले धूमकेतू बाराच्या घरात जातात आणि ताऱ्यांच्या नोंदी एक लाखाहून अधिक आहेत, तरी ती रात्र त्यांना विसरता आली नाही. २०२४ मध्ये हा तारा पुन्हा भडकेल असा अंदाज होता, तेव्हा जगभरच्या निरीक्षकांनी रात्रीमागून रात्री तिकडे पाहून 'अजून नाही' असे लिहिले.

पेल्टियर यांच्याच काळात आपल्याकडे, त्या वेळच्या अखंड बंगालमधील जेसोर येथे, राधागोविंद चंद्र हे सरकारी खजिन्यातील नोकरदार हेच काम करीत होते. प्रवेश परीक्षा तीनदा देऊनही ते उत्तीर्ण होऊ शकले नव्हते. १९१० चा हॅलेचा धूमकेतू पाहिल्यावर त्यांनी तीन इंची दुर्बीण मिळवली आणि १९१८ साली गरुड तारकासमूहात प्रकटलेल्या नवताऱ्याची निरीक्षणे केली. १९१९ ते १९५४ या काळात त्यांनी वर सांगितलेल्या संस्थेकडे ३७ हजारांहून अधिक नोंदी पाठवल्या. बंगालचा पावसाळा आपल्यापेक्षा सौम्य नाही. वर्षाचे चार महिने वगळले तर उरलेल्या प्रत्येक रात्रीला सरासरी चार नोंदी पडतात. संस्थेने त्यांना सहा इंची दुर्बीण वापरायला पाठवली. ती पुढे वेणू बाप्पूंकडे गेली आणि कावलूरच्या वेधशाळेत पोचली. फाळणीनंतर चंद्र पश्चिम बंगालमध्ये आले. आपल्या पाठ्यपुस्तकांत या माणसाला जागा मिळायला हवी होती असे आम्हांला वाटते.

शाळेला असे काही करता येईल का? दुर्बीण नसली तरी येईल. २०१९ च्या अखेरीस मृगातील काक्षी तारा मंदावू लागला आणि फेब्रुवारी २०२० पर्यंत नेहमीच्या सुमारे ०.५ प्रतीवरून १.६ पर्यंत उतरला. रोहिणीची प्रत ०.९ आणि मृगाच्या दुसऱ्या खांद्यावरील बेलाट्रिक्सची १.६ आहे. या दोघांशी काक्षीची तुलना गच्चीवरून, शहराच्या उजेडातही, करता येत होती. ताऱ्याने बाहेर फेकलेल्या वायूची धूळ होऊन ती आड आली, असे नंतरच्या अभ्यासातून पुढे आले.

काक्षी पुन्हा केव्हा मंदावेल ते सांगता येत नाही, पण ययातीमधील अलगोल वेळापत्रकाने चालतो. दर २ दिवस २० तास ४९ मिनिटांनी त्याचा अंधूक जोडीदार त्याला झाकतो आणि प्रत २.१ वरून ३.४ पर्यंत घसरते. तेज उतरून पुन्हा चढायला साधारण दहा तास लागतात. समजा, एका रविवारी पहाटे एक वाजता तो सर्वांत अंधूक झाला. पुढची वेळ मंगळवारी रात्री ९ वाजून ४९ मिनिटांनी येईल. त्यापुढची शुक्रवारी संध्याकाळी ६ वाजून ३८ मिनिटांनी, म्हणजे संधिप्रकाशात. मग सोयीच्या वेळेसाठी तीनेक आठवडे थांबायचे, आणि तेव्हा ढग नसावेत. देवयानीतील दुसऱ्या प्रतीचा अलमाक आणि ययातीमधीलच तिसऱ्या प्रतीचे डेल्टा व एप्सिलॉन हे तारे तुलनेला घ्यावेत, दर अर्ध्या तासाने नोंद करावी आणि आलेखकागदावर बिंदू मांडावेत. नोव्हेंबर १७८२ मध्ये इंग्लंडमधील यॉर्क येथे जॉन गुडरिक या तरुणाने हा तारा मंदावलेला पाहिला आणि त्या हिवाळ्यात साध्या डोळ्यांनी त्याचा आवर्तनकाल काढला. एखादी काळोखी वस्तू त्या ताऱ्याभोवती फिरून त्याला झाकत असावी, असे त्याने १७८३ साली सुचवले. त्या वेळी तो अठरा वर्षांचा होता आणि त्याला ऐकू येत नव्हते.